एकाच गाठीचे दोन रिपोर्ट: ‘ट्रिपल निगेटिव्ह’ ठरलेल्या स्तनाच्या कर्करोगाचे प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. यातली रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही, पण जे घडते ते पॅथॉलॉजीच्या रोजच्या कामात घडणारे आहे आणि आकडेही त्याच बेताचे घेतले आहेत. एकाच गाठीचे दोन रिपोर्ट आले. सुईने काढलेल्या तुकड्यांवरचा रिपोर्ट म्हणतो, हार्मोनवर वाढणारा कर्करोग. ऑपरेशननंतरचा म्हणतो, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन पकडणारी प्रथिने, म्हणजे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीला वाढीचा संदेश देणारा रिसेप्टर) यांपैकी एकही नसलेला. पहिला खरा असेल तर रोजची एक गोळी कदाचित पुरेल. दुसरा खरा असेल तर केमोथेरपी जवळजवळ अटळ, शिवाय बीआरसीए या, घराण्यात कर्करोगाचा धोका पुढे नेऊ शकणाऱ्या, जनुकांची तपासणी आणि त्यामागोमाग बहिणी-मुलींची काळजी. त्यामुळे ‘नंतरचा रिपोर्ट तो अंतिम’ असे म्हणून पुढे जाता येत नाही.

पहिला रिपोर्ट

रुग्णाचे वय ५४, पाळी थांबून ३ वर्षे झालेली. डाव्या स्तनात वरच्या बाहेरच्या बाजूला २.३ सेंमीची टणक गाठ. मॅमोग्राफीत तिच्या कडा काटेरी दिसल्या, काखेतल्या लसिका ग्रंथी सोनोग्राफीत ठीक होत्या. सोनोग्राफीत बघत १४ गेजच्या सुईने ४ तुकडे काढले (कोअर बायोप्सी), ते लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनच्या बाटलीत पडले आणि १८ तासांनी पुढच्या प्रक्रियेला गेले.

निदान: इन्व्हेजिव कार्सिनोमा, नो स्पेशल टाइप (आजूबाजूच्या ऊतीत शिरणारा, कुठल्याही खास प्रकारात न बसणारा कर्करोग). पेशींना एकमेकींशी जोडणारे ई-कॅडहेरिन प्रथिन पेशींच्या पडद्यावर व्यवस्थित उमटले, म्हणजे लोब्युलर प्रकार नाही. नॉटिंगहॅम पद्धतीने नळ्यांच्या रचनेला ३, केंद्रकांच्या बेढबपणाला २, पेशीविभाजनाला १, बेरीज ६, म्हणून ग्रेड २. आयएचसीत, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन रंगवून पाहण्याच्या चाचणीत, ईआर ९५ टक्के पेशींत गडद, ऑलरेड गुण (रंगलेल्या पेशींचे प्रमाण आणि रंगाची तीव्रता यांची बेरीज, जास्तीत जास्त ८) ८. पीआर १५ टक्के पेशींत मध्यम, ऑलरेड गुण ५. केआय-६७ (वाढीच्या चक्रातल्या पेशींत दिसणारे प्रथिन) मोजताना ५०० पेशींत ९० रंगलेल्या, म्हणजे १८ टक्के. हर-टू २+, म्हणजे १० टक्क्यांहून जास्त पेशींच्या पडद्याभोवती फिकट ते मध्यम पण पूर्ण कडे.

२+ हा निकाल नसतो, तो प्रश्न असतो. ३+ असेल तर हर-टू पॉझिटिव्ह, ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, आणि २+ असेल तर जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करायचीच. रिपोर्टमध्ये तसे सुचवलेही होते. पण ‘ऑपरेशनचा मोठा नमुना येणारच आहे, त्यावर करू’ असे ठरले. मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना, ही समजूत पक्की रुजलेली आहे. रिसेप्टरच्या बाबतीत बहुतेक वेळा नेमके उलटे असते: सुईचा तुकडा जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा, फॉर्मलिन त्याच्या आरपार सहज जाते. पूर्ण स्तनाच्या मधोमध बसलेल्या गाठीपर्यंत ते पोहोचवावे लागते.

दुसरा रिपोर्ट

शुक्रवारी दुपारी पूर्ण स्तन काढण्याचे ऑपरेशन झाले. सेंटिनेल ग्रंथी, म्हणजे कर्करोग पसरला तर आधी जिथे पोहोचेल अशा काखेतल्या ग्रंथी, दोन निघाल्या, दोन्ही स्वच्छ. नमुन्याचे वजन ७८० ग्रॅम. तो न कापता, अखंड, २ लिटरच्या डब्यात ठेवला आणि डबा भरेपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा लिटर फॉर्मलिन ओतले. अर्जावर नमुना शरीराबाहेर आल्याची वेळ होती, संध्याकाळचे ४. फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहायचा रकाना कोरा होता. सोमवारी सकाळी १० वाजता ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना पाहून तुकडे निवडण्याच्या, वेळी तो प्रथम कापला गेला. कापलेले तुकडे कॅसेटमध्ये आणखी ५ तास फॉर्मलिनमध्ये राहिले. एकूण ७१ तास.

रिसेप्टर तपासणीसाठी फॉर्मलिनमधला काळ ६ ते ७२ तास हवा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. ७१ तास त्यात बसतात. म्हणून रिपोर्टमध्ये ‘फिक्सेशन: नियमानुसार’, म्हणजे फॉर्मलिनने ऊती पक्की करण्याचे काम नियमात बसले, असे छापले गेले आणि कोणाला शंका आली नाही. त्याच नियमाचा दुसरा भाग मात्र राहून गेला: नमुना काढल्यापासून एका तासाच्या आत तो ५ मिलिमीटरच्या चकत्यांत कापून फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे. घड्याळ डब्याचे लावले होते. गाठीचे घड्याळ वेगळेच होते.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये आले: गाठ २.३ सेंमी, ग्रेड २, ईआर ०, पीआर ०, हर-टू ०, केआय-६७ ८ टक्के. ट्रिपल निगेटिव्ह.

विसंगती कुठे दिसली

ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीपुढे, हे प्रकरण आले ते केमोथेरपी ठरवण्यासाठी. कर्करोगतज्ज्ञाने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. पण पहिला रिपोर्ट हाताशी नसता तरी दुसऱ्या रिपोर्टने स्वतःविरुद्धच साक्ष दिली असती. नो स्पेशल टाइपची ट्रिपल निगेटिव्ह गाठ बहुतेक वेळा ग्रेड ३ असते, तिच्यात विभाजन होणाऱ्या पेशी पावलोपावली दिसतात आणि केआय-६७ बऱ्याचदा ५० टक्क्यांच्याही पुढे जातो. ग्रेड २, विभाजन तुरळक, केआय-६७ ८ टक्के आणि तिन्ही रिसेप्टर शून्य, हे एकत्र बसत नाही.

अपवाद आहेत आणि ते तपासल्याशिवाय सोडायचे नाहीत. अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, सिक्रेटरी कार्सिनोमा, लो-ग्रेड अॅडेनोस्क्वेमस कार्सिनोमा हे प्रकार ट्रिपल निगेटिव्ह असूनही संथ असतात. अॅपोक्राइन गाठींमध्ये अँड्रोजन रिसेप्टर असतो आणि त्याही अनेकदा शांत वागतात. इथे चाळणीसारखी रचना नव्हती, पेशींत स्राव नव्हता, अॅपोक्राइन पेशींचा भरदार गुलाबी सायटोप्लाझमही नव्हता. म्हणजे अपवादाचा आधार घेता येत नव्हता.

मग उरतात चार शक्यता. नमुन्यांची अदलाबदल, स्तनात दोन वेगळ्या गाठी असणे, एकाच गाठीत दोन स्वभावाचे भाग असणे, किंवा चाचणी फसणे. अदलाबदलीची शंका आधी मिटवायची, कारण ती खरी निघाली तर आणखी एक रुग्ण चुकीच्या उपचाराकडे जात असतो. इथे गाठीत बायोप्सीच्या सुईची खूण, जुना रक्तस्राव आणि बायोप्सीच्या वेळी ठेवलेली धातूची क्लिप, तिन्ही सापडले. शिवाय दोन्ही स्लाइडवरच्या पेशींची ठेवण एकच होती. एवढ्यावरही समाधान झाले नसते तर दोन्ही ब्लॉकमधल्या (मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्यांमधल्या) डीएनएची ओळख-चाचणी करून घेता आली असती. उरलेला स्तन पुन्हा ५ मिलिमीटरच्या चकत्यांत पाहिला. दुसरी गाठ नव्हती.

स्लाइडवर काय होते

ईआरची स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली. तिच्या टोकाला बाहेरचा कंट्रोल, म्हणजे रंगणारच हे माहीत असलेला तुलनेचा नमुना, म्हणून गर्भाशयमुखाच्या ऊतीचा तुकडा लावलेला होता, तो हवा तसा तपकिरी रंगला होता. पहिल्या वेळी पाहणाऱ्याने तो पाहून समाधान मानले असणार. पण बाहेरचा कंट्रोल फक्त एवढेच सांगतो, की अँटिबॉडी आणि मशीन चालू होते. रुग्णाची ऊती चाचणीच्या लायकीची होती का, हे तो सांगत नाही. ते सांगतात गाठीच्या शेजारच्या निरोगी नलिका. त्यांच्या आतल्या थरातल्या काही पेशी ईआरला रंगल्याच पाहिजेत. सगळ्या नाही, एक इथे, दोन तिथे. या स्लाइडवर गाठीलगत तीन नलिका होत्या आणि तिन्ही कोऱ्या, निळ्या. एकही तपकिरी केंद्रक नाही.

इथेच निकाल लागतो. निरोगी नलिकाही ‘निगेटिव्ह’ दिसत असतील तर गाठीचे निगेटिव्ह असणे हा निष्कर्षच नाही. अशा स्लाइडवर ‘ईआर ०’ लिहायचे नसते, ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे लिहायचे असते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पहिले वाक्य उपचार ठरवते आणि दुसरे पुन्हा तपासायला लावते.

साध्या एच-अँड-ई (पेशींची ठेवण दाखवणाऱ्या नेहमीच्या रंगांच्या) स्लाइडनेही तेच सांगितले. गाठीच्या मधल्या भागात केंद्रके पुसट, डाग पडल्यासारखी, पेशींच्या घोळक्याभोवती आकसल्याच्या मोकळ्या फटी, सायटोप्लाझम विरविरीत. खोलच्या, म्हणजे छातीच्या स्नायूकडच्या, कडेला मात्र केंद्रके रेखीव.

म्हणून ब्लॉक बदलला. आधीची तपासणी गाठीच्या मध्यावरच्या ब्लॉकवर झाली होती. ही निवड नेहमीची, कारण त्यात गाठ सर्वांत जास्त असते. आता गाठीची जी कड नमुन्याच्या खोल पृष्ठभागापासून जेमतेम ८ मिलिमीटरवर होती, तिथला ब्लॉक घेतला. त्यावर ईआर लावल्यावर चित्र बोलके निघाले. खोल पृष्ठभागाच्या बाजूच्या पट्टीत ७० टक्के पेशी मध्यम तपकिरी, तिथल्या नलिकेत ठिपक्यांसारख्या रंगलेल्या पेशी, आणि गाठीच्या मध्याकडे सरकत जावे तसा रंग फिका होत काही मिलिमीटरमध्ये शून्य. गाठीत खरेच दोन स्वभावाचे भाग असते तर सीमा पेशींच्या गटांप्रमाणे पडली असती आणि निरोगी नलिका दोन्हीकडे रंगल्या असत्या. इथे नलिकाही गाठीबरोबरच फिक्या होत गेल्या. ही फॉर्मलिन जिथपर्यंत वेळेत पोहोचले त्याची रेषा होती.

रंग का गेला

रक्तपुरवठा तुटला की पेशी स्वतःच्याच विकरांनी स्वतःला पचवू लागतात. ईआर आणि पीआर केंद्रकात असतात आणि दोन्ही नाजूक आहेत. पीआर तर ईआरच्याही आधी हातचा जातो. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांत गुंतवून ही झीज थांबवते, पण ते ऊतीत फार सावकाश शिरते आणि जितके खोल जाईल तितके मंदावते: अंतर दुप्पट झाले की वेळ साधारण चौपट लागतो. चरबीतून तर आणखी उशीर. ७८० ग्रॅमच्या नमुन्याला दहापट, म्हणजे आठ लिटरच्या आसपास फॉर्मलिन हवे होते. सव्वा लिटरमध्ये ते लवकरच क्षीण झाले, आणि डब्याला चिकटलेल्या बाजूने तर शिरायलाही जागा नव्हती.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जो भाग फॉर्मलिनने नीट पक्का झाला नाही तो पुढे टिश्यू प्रोसेसरमधल्या अल्कोहोलने गोठतो. आयएचसीच्या सुरुवातीला ऊती गरम बफरमध्ये ठेवून झाकलेले प्रथिन उघडे करण्याची जी पायरी असते, ती फॉर्मलिनमध्ये पक्क्या झालेल्या ऊतीसाठी बेतलेली आहे. अल्कोहोलने गोठलेल्या ऊतीवर तिचा भरवसा नाही.

केआय-६७ १८ वरून ८ वर आला त्याचेही कारण हेच. विभाजनात असलेल्या पेशी अशा उशिरात ओळखू येईनाशा होतात, म्हणून विभाजनाची मोजणी कमी भरते आणि ग्रेडही खाली घसरू शकतो. या प्रकरणात विभाजनाचा गुण आधीच १ होता, त्यामुळे बेरीज बदलली नाही. तो ३ असता तर ग्रेड ३ ची गाठ ग्रेड २ म्हणून निसटली असती, आणि ती चूक ईआरच्या चुकीपेक्षा अधिक गुपचूप घडली असती.

हर-टूचा प्रश्न

ऑपरेशनच्या नमुन्यावर फिश करून पाहिली. केंद्रके अंधुक, तुलनेसाठी मोजल्या जाणाऱ्या १७व्या गुणसूत्राचे हिरवे ठिपके बऱ्याच पेशींत दिसेनात. चाचणी बाद. सुदैवाने सुईच्या तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये ऊती शिल्लक होती. त्यातून ताजे काप घेतले. आधीच कापून ठेवलेल्या आणि सहा आठवड्यांहून जुन्या स्लाइड अशा तपासणीला वापरायच्या नाहीत.

पहिल्या तपासनिसाने आक्रमक भागातल्या २० पेशी मोजल्या. हर-टूचे ८६ ठिपके, १७व्या गुणसूत्राचे ५८. पेशीमागे हर-टू ४.३, गुणोत्तर १.४८. गुणोत्तर २ किंवा वर आणि प्रती ४ किंवा वर असत्या तर सरळ पॉझिटिव्ह. गुणोत्तर २ च्या खाली आणि प्रती ४ च्याही खाली असत्या तर सरळ निगेटिव्ह. इथे गुणोत्तर २ च्या खाली पण प्रती ४ आणि ६ च्या मध्ये, म्हणजे २०१८ च्या अॅस्को-कॅप (अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट संघटनांच्या) मार्गदर्शिकेतला चौथा गट. या गटात आयएचसी २+ असेल तर दुसऱ्या तपासनिसाने, पहिल्याचे आकडे न पाहता, २+ रंगलेला भाग धरून किमान २० पेशी पुन्हा मोजायच्या. त्याचे आकडे आले ८४ आणि ५६: पेशीमागे ४.२, गुणोत्तर १.५. गट तोच राहिला, म्हणून निकाल निगेटिव्ह, खुलाशासह.

‘पहिल्याचे आकडे न पाहता’ या अटीकडे काणाडोळा होतो. आधीचे ४.३ माहीत असले की नजर नकळत तेवढेच ठिपके शोधते, आणि सीमारेषेवरच्या गाठीत पेशीमागे अर्ध्या ठिपक्यानेही गट पालटू शकतो.

रिपोर्टमध्ये ‘हर-टू निगेटिव्ह’ एवढेच न लिहिता ‘आयएचसी २+, फिश निगेटिव्ह’ असे लिहिले. अशा गाठींना आता हर-टू लो म्हणतात. तो वेगळा उपप्रकार नाही, आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारात त्याने उपचारही बदलत नाहीत. पण पसरलेल्या आजारात २०२२ साली डेस्टिनी-ब्रेस्ट०४ या रुग्णांवरच्या चाचणीने ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या हर-टूवर नेम धरणाऱ्या औषधाचा उपयोग या गटात दाखवला, त्यामुळे १+ किंवा २+ हा मूळ गुण नोंदीत टिकला पाहिजे. दुसऱ्या रिपोर्टमधले ‘हर-टू ०’ तसेच राहिले असते तर ही वाट नोंदीतून पुसली गेली असती.

ल्युमिनल ए की बी

ट्रिपल निगेटिव्ह नाही, हर-टू पॉझिटिव्ह नाही, ईआर ठाम पॉझिटिव्ह. म्हणजे ल्युमिनल, नलिकांच्या आतल्या थरातल्या पेशींसारखा, हार्मोनवर वाढणारा गट; त्यातला ए संथ, बी जास्त वेगाने वाढणारा. इथून पुढे जमीन मऊ होते.

ल्युमिनल, बेसल-लाइक, हर-टू एनरिच्ड ही नावे मुळात आयएचसीची नाहीतच. २००० साली संशोधक चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी गाठींमधल्या हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकदम मोजून हे गट पाडले. २००१ मध्ये ल्युमिनल गट आणखी विभागला गेला आणि गटांनुसार रुग्णांचे आयुर्मान वेगळे असल्याचे दिसले. २००९ मध्ये ५० जनुकांची पाम५० यादी आली. प्रत्येक रुग्णाची अशी तपासणी शक्य नव्हती, म्हणून २०११ आणि २०१३ च्या स्तनाच्या कर्करोगावरच्या सेंट गॅलन तज्ज्ञ-बैठकींत ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ वरून गट अजमावण्याची रीत मान्य झाली. ती अजमावणीच आहे. आयएचसीने ट्रिपल निगेटिव्ह ठरलेल्या गाठींपैकी साधारण ७० ते ८० टक्केच जनुकीय तपासणीत बेसल-लाइक निघतात. हर-टू पॉझिटिव्ह गाठींतही ल्युमिनल स्वभावाच्या बऱ्याच असतात. म्हणून आयएचसीवरून लिहिताना ‘ल्युमिनल ए-सदृश’ असे म्हणावे, ‘ल्युमिनल ए’ असे ठोकून देऊ नये.

या गाठीचे आकडे घ्या. केआय-६७ ची जुनी सीमा १४ टक्के धरली तर १८ टक्के म्हणजे बी. २०१३ च्या बैठकीत बहुमताने सुचवलेली २० टक्के धरली तर ए. पण त्याच वर्षीच्या व्याख्येत ए साठी पीआर किमान २० टक्के लागतो आणि इथे तो १५, म्हणजे पुन्हा बी. त्यात ५०० पेशींच्या मोजणीत निव्वळ योगायोगानेच १८ चा आकडा साधारण १५ ते २१ मध्ये हलतो. केआय-६७ वर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने याच कारणाने ठरवले, की ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लवकरच्या टप्प्यातल्या आजारात केमोथेरपीचा निर्णय या आकड्यावर टेकवायचा तर तो ५ किंवा खाली अथवा ३० किंवा वर असावा. मधला पट्टा निर्णयाला अपुरा. १८ टक्क्यांवर ‘ल्युमिनल बी, म्हणून केमो’ असे लिहिणारे रिपोर्ट सर्रास दिसतात. एका डळमळीत आकड्यावर एवढे वजन टाकणे रुग्णावर अन्याय आहे.

म्हणून २१ जनुकांची चाचणी मागवली. तिच्यात कर्करोगाशी संबंधित १६ आणि तुलनेसाठी ५ जनुकांचा आरएनए मोजतात आणि ० ते १०० मध्ये गुण देतात. कोणता ब्लॉक पाठवायचा हा इथेही कळीचा मुद्दा होता. ऑपरेशनच्या नमुन्याच्या मध्यात आरएनएची दशा प्रथिनांपेक्षा बरी असण्याचे कारण नव्हते. सुईचा ब्लॉक पाठवला. त्यातही गाठीच्या पेशी भरपूर असलेला तुकडा निवडला, कारण निरोगी ऊती आणि चरबी जास्त मिसळली की गुण भलतीकडे झुकतो. सुरुवातीच्या वर्गीकरणातला ‘नॉर्मल-लाइक’ गट बऱ्याच अंशी अशाच मिसळीतून उभा राहिला, असे आज मानतात.

गुण आला १४. टेलर-एक्स या रुग्णांवरच्या चाचणीने २०१८ मध्ये दाखवले, की हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ग्रंथी स्वच्छ आणि वय ५० च्या वर असलेल्या रुग्णांत ११ ते २५ गुणांवर केमोथेरपी जोडून फायदा होत नाही. २१ जनुकांच्या चाचणीत ईआर जनुकाचा आरएनएही मोजला गेला आणि तो भरघोस निघाला. म्हणजे आयएचसीहून पूर्ण वेगळ्या मार्गाने पहिल्या रिपोर्टला दुजोरा मिळाला. केमोथेरपी टळली, अरोमाटेज इनहिबिटर, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन तयार होणे रोखणारी गोळी, सुरू झाली.

हा गुण धोका सांगतो, उपप्रकार नाही. १४ आला म्हणून रिपोर्टमध्ये ‘ल्युमिनल ए’ लिहिले नाही; ते पाम५० चे काम.

दुरुस्त केलेल्या रिपोर्टचा मजकूर असा झाला: ‘ऑपरेशनच्या नमुन्यावरील ईआर, पीआर, हर-टू व केआय-६७ निष्कर्षयोग्य नाहीत, निरोगी नलिकांतील अंतर्गत कंट्रोल रंगलेला नाही, फिक्सेशन अपुरे. ट्रिपल निगेटिव्ह हा आधीचा निष्कर्ष रद्द. उपचारासाठी कोअर बायोप्सीवरील निकाल ग्राह्य: ईआर ९५ टक्के गडद, पीआर १५ टक्के मध्यम, हर-टू आयएचसी २+, फिश निगेटिव्ह, चौथा गट, दोन तपासनीस. केआय-६७ १८ टक्के, मधला पट्टा.’ आधीचा रिपोर्ट फाइलमधून काढला नाही. त्यावर ‘रद्द’ ची नोंद, तारीख आणि दुरुस्तीचे कारण घातले, आणि कर्करोगतज्ज्ञाला फोन करून सांगितले. नुसता नवा कागद पाठवला तर जुनाच कागद फाइलच्या वर राहून जातो.

ईआर खरोखर कमी असता तर

नलिका नीट रंगलेल्या असत्या आणि गाठीत ईआर ४ टक्के आला असता, तर गोष्ट निराळी होती. १ ते १० टक्क्यांना २०२० पासून ‘ईआर लो पॉझिटिव्ह’ असे वेगळे नोंदवतात. यातल्या पुष्कळ गाठी जनुकीय पातळीवर बेसल-लाइकच्या जवळ असतात आणि हार्मोन उपचारांच्या फायद्याचा पुरावा तोकडा आहे. इथे बाहेरच्या कंट्रोलवर दुहेरी भार येतो: गडद रंगणारी ऊती पुरत नाही, फिकट रंगणारी ऊतीही त्याच स्लाइडवर हवी. टॉन्सिल त्याला चांगला, कारण त्यात मोजक्याच पेशी आणि त्याही फिकट रंगतात. त्या दिसल्या नाहीत तर पद्धत कमी पडते आहे हे तिथेच कळते.

कामाच्या पद्धतीत केलेले बदल

ईआर, पीआर आणि हर-टू कोअर बायोप्सीवरच करायचे, आणि २+ आला की फिशही त्याच ब्लॉकवर त्याच आठवड्यात मागवायची. ऑपरेशनच्या नमुन्यावर पुन्हा तपासणी करायची ती कारण असेल तरच: कोअरमध्ये गाठ अपुरी असणे, ग्रेड किंवा पेशींची ठेवण न जुळणे, दुसरी गाठ सापडणे, आधी केमोथेरपी झालेली असणे. हे बदलले नाही तर बाकीची शिस्त अर्धीच कामाची, कारण कोअर काढताना फिक्सेशन बिघडवणे अवघड आणि मोठ्या नमुन्यात ते बिघडणे सोपे.

मोठ्या नमुन्यासाठी अर्जावर दोन वेळा: शरीराबाहेर आल्याची आणि कापून फॉर्मलिनमध्ये गेल्याची. दुसरी नसेल तर नमुना घेणाऱ्याने तिथल्या तिथे विचारायची. ऑपरेशन झाल्यावर नमुना दिशादर्शक टाक्यांसह पॅथॉलॉजीत यायचा, तिथे आधी कडांना शाई लावायची, मग खोल बाजूने ५ मिलिमीटरच्या चकत्या करायच्या. त्वचा न कापता ठेवायची, म्हणजे चकत्या वहीच्या पानांसारख्या एकत्र राहतात आणि दिशा हरवत नाही. चकत्यांमध्ये शोषक कागद घालायचा, नाहीतर त्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि कापण्याचा उपयोग उरत नाही. शाई लावण्याआधी कापण्याची घाई कोणी करू नये; त्यात कडांचा निकाल कायमचा गमावतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑपरेशन असेल तर कापायला कोण थांबणार हे सकाळीच ठरवायचे. ते शक्य नसेल तर नमुना ४ अंश सेल्सिअसच्या फ्रिजमध्ये ठेवून लवकरात लवकर कापायचा. थंडीने झीज मंदावते, थांबत नाही.

स्लाइड पाहताना ईआरच्या आकड्याआधी अंतर्गत कंट्रोलचा रकाना भरायचा: रंगला, रंगला नाही, ऊतीत नलिकाच नाही. तिसऱ्या पर्यायात ईआर निगेटिव्ह येत असेल तर नलिका असलेला दुसरा ब्लॉक शोधायचा. आणि ग्रेड १ किंवा २ ची नो स्पेशल टाइप गाठ ट्रिपल निगेटिव्ह दिसली तर सही करण्याआधी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पाहायची.

या रुग्णाचा सुईचा ब्लॉक आता जवळजवळ संपला आहे. उरलेला भाग आणखी काप न घेता जपून ठेवायचा, अशी खूण त्यावर केली. पुढे कधी आजार परत आला तर नव्या जागेची बायोप्सी करून रिसेप्टर पुन्हा तपासावे लागतील, कारण ते बदललेले असू शकतात. ती जागा हाड असेल तर तुकडा मऊ करायला आम्ल वापरायचे नाही, ईडीटीए हे कॅल्शियम हळूहळू काढून घेणारे रसायन वापरायचे. आम्लाने ईआर आणि हर-टू दोन्हींचे रंग खोटे कमी दिसू शकतात, फिश तर अनेकदा चालतच नाही, आणि हाडाच्या तुकड्यात शेजारी सावध करायला निरोगी नलिकाही नसतात.